पूरवार्ता आणि अल्पशक्ती आंदोलक

मुलताई येथे उगम पावणारी तापी नदी बऱ्हाणपूरच्या तटाला लागून वाहत पुढे जळगाव जिल्ह्यात प्रवेश करते आणि हतनूर व उकाई ही धरणे ओलांडून सुरतेस जाते. बऱ्हाणपूर येथे केंद्रीय जल आयोगाचे जलमापन केंद्र आहे. वर चढलेले पाणी खाली पोहोचण्यापूर्वी त्याची वार्ता पोहोचणे किती अगत्याचे असते, हे ऑगस्ट २००६ मध्ये सुरत शहर जलमय झाले तेव्हा साऱ्या खोऱ्याने पाहिले.

मोठ्या केंद्रांची व्यवस्था शासन पाहते. परंतु उपनद्या व नाले यांच्या काठी पातळी मोजून ती काही किलोमीटरवरील गावास बिनतारी कळविणारे छोटे यंत्र आज बॅटरीवर चालू शकते. त्याचे हृदय म्हणजे आंदोलक, अर्थात ठराविक कंप्रतेची विद्युत्-कंपने अखंड निर्माण करणारे मंडल.

तारेचे वेटोळे आणि धारित्र जोडले असता ऊर्जा एकातून दुसऱ्यात झोके घेते. झोपाळ्याप्रमाणे हे झोके हळूहळू मंदावतात. म्हणून ट्रान्झिस्टर प्रत्येक झोक्यास योग्य क्षणी हलका हात देतो. १ मायक्रोहेन्रीचे वेटोळे व १०० पिकोफॅरडचे धारित्र घेतल्यास कंप्रता सुमारे १५.९ मेगाहर्ट्झ येते.

खरी अडचण उष्म्याची आहे. बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या पेटीत धारित्राचे मूल्य केवळ १ टक्क्याने बदलले, तरी कंप्रता अर्ध्या टक्क्याने सरकते. भारतात अल्पशक्ती यंत्रांना परवान्याविना मोकळा असलेला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा अवघा ३ मेगाहर्ट्झ रुंद आहे. तेथे अर्धा टक्का म्हणजे ४.३ मेगाहर्ट्झ! संदेश पट्ट्याबाहेरच जाईल आणि ग्राहकयंत्र व्यर्थ कान देऊन बसेल. यास्तव क्वार्ट्झचा स्फटिक वापरतात. दशलक्षात २० भाग इतक्या चुकीच्या स्फटिकाने ८६६ मेगाहर्ट्झला फरक पडतो तो सुमारे १७ किलोहर्ट्झचा, आणि तो सांभाळता येतो.

आता विजेचा हिशेब. ३० मिलिअँपिअर घेणारा प्रक्षेपक सतत चालविल्यास २४०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ८० तासांत संपते. झड तर आठवडाभर टिकते! तोच प्रक्षेपक दर १५ मिनिटांनी १ सेकंद चालविला आणि एरवीचा खर्च ०.०१ मिलिअँपिअर धरला, तर तीच बॅटरी हिशेबाने पाच वर्षांहून अधिक पुरते. पातळीमापकाचा खर्च अर्थातच निराळा.

मात्र विजेची काटकसर बेतानेच करावी. आंदोलन सुरू होताना ट्रान्झिस्टरने गमावलेल्या ऊर्जेहून अधिक ऊर्जा परत द्यावी लागते. प्रवाह फार कमी ठेवल्यास नव्या बॅटरीवर उत्तम चालणारे मंडल बॅटरी उतरल्यावर सुरूच होत नाही, आणि हा दोष नेमका पुराच्या रात्री उघडकीस यावयाचा.

प्रक्षेपक निजलेला असता वेळ राखतो तो दुसरा, सूक्ष्म प्रवाहावर चालणारा आंदोलक. त्याचा स्फटिक सेकंदास ३२,७६८ कंपने करतो; ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद मिळतो. शिक्षकांनी भिंतीवरचे बंद पडलेले क्वार्ट्झ घड्याळ वर्गात उघडून दाखवावे. तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठी, चकचकीत धातूची नळी दिसेल. तो स्फटिक तिच्यातच असतो.