दारावरची हाक

पूर ओसरल्यावर मदतीला धावणाऱ्याचे कौतुक सारेच करतात. परंतु संकट येण्यापूर्वी 'घर सोडा' असे सांगत दारोदार फिरणाऱ्याच्या वाट्याला बहुधा थट्टाच येते. पगार नाही, हारतुरे नाहीत. मग त्याची प्रेरणा कोणती?

क्लॅरी, स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्वयंसेवकांच्या सहा प्रेरणा सांगितल्या: मूल्यनिष्ठा, शिकण्याची इच्छा, आप्तमित्रांचा प्रभाव, व्यवसायातील उपयोग, मनाचे ओझे हलके करणे आणि आत्मसन्मान. हे वर्गीकरण उपयुक्त आहे. मात्र माणूस या कामात टिकतो कशामुळे, हे बांगलादेशाच्या उदाहरणावरून अधिक उमगते.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर 'भोला' चक्रीवादळ आदळले. तीन ते पाच लाख माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. वादळाची सूचना अनेकांपर्यंत पोहोचली नाही. पोहोचली तेथेही पुष्कळांना ती पटली नाही. या अनुभवातून १९७२ साली रेड क्रॉसच्या पुढाकाराने 'चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम' सुरू झाला. आज त्यात पंचाहत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक असून त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. कर्णा, हाताने फिरवायचा भोंगा आणि झेंडे ही त्यांची साधने. मे २०२० मध्ये 'अम्फान' वादळापूर्वी वीस लाखांहून अधिक लोक निवाऱ्यांत हलविले गेले आणि त्या देशातील बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. हवामानखाते व पक्के निवारे यांचा त्यात मोठा वाटा आहेच. पण दारावरची शेवटची हाक गावच्याच माणसाची असते.

या 'गावच्याच' शब्दात मला उत्तर दिसते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रेरणेचे सिद्धान्त मी येथे शिकले. प्रेरणा मात्र आधीच पाहिली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी चढू लागले, तेव्हा मी शाळेत होते. ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून सूचना झाली, तरी म्हशीला सोडून आजी उठेना. शेवटी शेजारच्या आक्का आल्या. "म्हस मी सोडती आत्ती, तू पोरींस्नी घिऊन हो म्होरं." आजी उठली. पुढे मी आक्कांना विचारले, "स्वतःचे घर सोडून आमच्याकडे का आलात?" त्या म्हणाल्या, "उद्या तुमच्याच दारावरनं जायचं असतंय न्हवं?"

सहा प्रेरणांपैकी ही कोणती, मला ठरवता आले नाही. एवढे मात्र वाटते, की आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेने पूरपथके उभारताना गल्लीगल्लीतील माणसे, विशेषतः बाया, निवडाव्यात. अनोळखी सूचना माणूस ऐकतो. ओळखीच्या हाकेला तो उठतो.