नायटा, दाद आणि तामर

परभाषेत भूक सांगता येते, पण खाज सांगणे कठीण असते. जवळा बाजारहून हैदराबादेत बांधकामावर गेलेल्या काकांना कमरेवर गोल चट्टे उठले होते. कॉलेजात शिकतो म्हणून त्यांनी मला दुभाषी नेले. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजोबांना उर्दू येई. माझी हिंदी पुस्तकी, तेलुगूच्या नावाने पूज्य.

त्वचारोगाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "दुरद रात्री वाढते का? घरात आणखी कोणाला आहे?" दुरद म्हणजे खाज. या प्रश्नांना अर्थ असतो. खरूज सूक्ष्म किड्यामुळे होते, रात्री अधिक खाजते व घरभर पसरते. नायटा बुरशीमुळे होतो व कडेकडेने वाढत जातो. त्यालाच हिंदीत दाद आणि तेलुगूत तामर म्हणतात. तामर म्हणजे कमळसुद्धा!

पुढे त्यांनी काहीतरी विचारले. मला कळले नाही. पण कॉलेजकुमाराने 'समजले नाही' कसे म्हणावे? मी "नाही" म्हणून मोकळा झालो. प्रश्न होता, आधी कोणते मलम लावले? काकांनी मात्र खिशातून दुकानातून आणलेली नळी काढली. तीत स्टेरॉइड होते. त्याने लाली व खाज दबते, बुरशी मात्र पसरतच राहते. औषध त्यामुळेच बदलले.

दवाखान्यात जाताना वापरलेली औषधे बरोबर न्यावीत, चट्टा बोटाने दाखवावा आणि न कळल्यास पुन्हा विचारावे. त्या दिवशी अंगठाबहाद्दर काका खरे बोलले, आणि मी शिकलेला असून चुकलो.