गव्हाण, संगणक आणि क्षणाचा उशीर



नांदूर मध्यमेश्वरचं आवर्तन सुटलं की दारं धरणारा गडी जागा लागतो. शंभर वेळा त्याने वेळेवर दारं मोडलं आणि एकदाच डुलकी लागली, तरी वाफा फुटतोच. तिथे सरासरी काढून उपयोग नाही.

कारखान्यात गव्हाणीचा वेग किंवा बॉयलरमधली पाण्याची पातळी सांभाळणारा संगणक हाही दारं धरणाराच. दर काही मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या हिशेबाने, त्याला मोजमाप पाहून हुकूम द्यावा लागतो. हुकूम चुकला की मिल चोंदते, गाळप थांबतं. तोडलेला ऊस गाडीत वाळतो. वजन आणि उतारा दोन्ही घटतात.

पुष्कळदा दोष प्रोग्रॅममध्ये शोधतात, पण असतो यंत्रात. १९९० साली इंटेलच्या ३८६ एसएल चिपबरोबर एक सोय आली. उष्णता, वीजबचत अशा कामांसाठी बायोस प्रोसेसरला मध्येच बोलावून घेतो. तेवढा वेळ ऑपरेटिंग सिस्टिम थांबते आणि तिला पत्ताही लागत नाही. दारं धरणाऱ्याला पाटलांनी परस्पर वाड्यावर नेल्यासारखंच हे!

शोध असा घ्यावा :

१. यंत्रावर पूर्ण कामाचा भार ठेवून काही तास मोजावं. सरासरी नव्हे, सर्वांत मोठा उशीर टिपावा.

२. लिनक्समधलं ‘एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट’ चालवावं. इतर व्यत्यय बंद करून ते नुसतं घड्याळ वाचत राहतं. वाचनात खंड पडला, तर दोष प्रोग्रॅमखालच्या यंत्रणेचा.

३. बायोसमधली वीजबचत, वेग कमी-जास्त करण्याची सोय, यूएसबी कीबोर्ड जुन्या पद्धतीचा भासवणारं अनुकरण यांतलं एकेक बंद करून दर वेळी पुन्हा मोजावं. सगळं एकदम बंद केलं तर चोर सापडत नाही.

४. पंख्यावरचा भुसा झाडावा. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो.

मात्र उष्णतेपासूनचं संरक्षण बंद करू नये, यंत्र जळेल. बॉयलरचं पाणी कमी झाल्यास आग तोडणारी यंत्रणा स्वतंत्र वायरिंगवरच हवी. आणि हे प्रयोग गाळप बंद असतानाच करावेत.

२०२४ साली रिअल-टाइमची सोय लिनक्सच्या मूळ गाभ्यात आली खरी. पण गाडीचा आसच मोडका असेल, तर खिल्लारी बैल तरी काय करणार?

तेव्हा मिल थांबली की ‘कॉम्प्युटर बिघडला’ एवढ्यावर समाधान मानू नका. सर्वांत मोठा उशीर किती निघाला, हे जरूर विचारा, असं आम्ही सुचवतो.