घरपोच रुग्णसेवा : दर्जा आणि भरवसा

(द्वितीय वर्ष, कला)

कुटुंबसंस्थेचा विषय निघाला की 'एकत्र कुटुंब मोडले आणि म्हाताऱ्यांचे हाल सुरू झाले' हे वाक्य आपण सारेच पेपरात लिहितो. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आज प्रत्यक्षात कोण न्हाऊमाखू घालते, कोण घास भरवते, आणि त्या सेवेची हमी कोण देते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यावरील वयाचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक आपल्या देशात होते. मुले परगावी किंवा परदेशी गेलेली आणि घरात दोघेच वृद्ध, अशी घरे पुण्यासारख्या शहरात गल्लोगल्ली आढळतात. अशा घरांचा भार ब्यूरोमार्फत येणाऱ्या बायकांवर असतो. माझी आई गेली नऊ वर्षे हेच काम करीत आहे व माझी कॉलेजची फी त्यातूनच भरली जाते. तेव्हा मी अगदी तटस्थपणे लिहीत आहे, असा दावा करणार नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. परिचारिका म्हणजे नर्सिंगचा रीतसर अभ्यासक्रम पुरा करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली व्यक्ती. इंजेक्शन देणे, लघवीची नळी घालणे, जखमेची मलमपट्टी करणे ही तिची कामे. अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे, हात धरून चालवणे ही कामे मदतनीस बाईची. घरचे लोक मात्र दोघींनाही 'सिस्टर' म्हणतात. या घोटाळ्यामुळे कधी परिचारिकेचे काम मदतनिसाच्या गळ्यात पडते, तर कधी मदतनिसाच्या कामासाठी परिचारिकेचे पैसे मोजले जातात.

आता दर्जाकडे वळू. चांगली सेवा म्हणजे गोड बोलणे, एवढाच अर्थ नव्हे. ज्याला स्वतः हलता येत नाही अशा रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे न केल्यास माकडहाड, टाचा, खुबे या ठिकाणी रक्तपुरवठा दबून शय्याव्रण होते. तेथे बोट दाबूनही न जाणारी लाली ही पहिली खूण. सावळ्या कातडीवर ती काळपट दिसते. ती वेळीच ओळखणे हे खरे कौशल्य होय.

येथे साधा हिशेब करून पाहावा. दर दोन तासांनी म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. 'चोवीस तासांची बाई' ठेवणाऱ्या घरात ती बाई रात्री सलग सहा तास झोपली, तर निदान दोन वेळा तरी कूस बदलायची राहते. न झोपली, तर दुसऱ्या दिवशी तिचे हात कापतात. एकाच माणसाकडून अखंड चोवीस तासांची सेवा मिळेल हे आश्वासनच मुळात खोटे आहे. त्याला बारा-बारा तासांच्या दोघी हव्यात, अथवा रात्रीच्या पाळ्या घरच्यांनी वाटून घ्याव्यात.

दर्जाइतकाच महत्त्वाचा मुद्दा भरवशाचा. आई ज्या घरी जात असे तेथील आजोबांना पक्षाघातामुळे गिळणे अवघड झाले होते. त्यांना उठवून, टेकून बसवून, चमच्या-चमच्याने पाणी द्यावे लागे. आई तापाने आजारी पडली त्या दिवशी ब्यूरोने बदली बाई धाडली, पण तिला यातले काहीच सांगितले नाही. तिने निजल्या जागी पाणी पाजले, आजोबांना जोराचा ठसका लागला आणि जीव घाबरा झाला. थोडक्यात निभावले. दोष त्या बाईचा नव्हता. माहिती एका माणसाच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. त्यानंतर मी आईला एका वहीत रकाने आखून दिले: वेळ, कूस, खाणे-पिणे, लघवी, औषध, शेरा. सातवी शिकलेली आई ती वही नेमाने भरते. बदलीची बाई आली की आधी वही वाचते.

सेवकाची बाजूही पाहिली पाहिजे. आईच्या ब्यूरोत कमिशन कापले जाते, पगारी रजा नाही, खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. मग ताप अंगात असतानाही बाई कामावर जाते, आणि संसर्ग रुग्णापर्यंत पोहोचतो. म्हणजे सेवा देणारीची स्थिती आणि सेवेचा दर्जा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरालाही कामाचे ठिकाण मानले आहे. पण हे किती बायकांना ठाऊक आहे?

कायद्याचा आधार तोकडाच आहे. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी अशी तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले, परंतु २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत त्याचा कायदा झाला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोबदला देऊन घेतलेली सेवा येते. मात्र मालक-नोकर स्वरूपाचा वैयक्तिक सेवेचा करार त्यातून वगळला आहे. म्हणून ब्यूरोशी व्यवहार करताना सेवेची जबाबदारी ब्यूरोची आहे असे लेखी घेणे व पावती जपून ठेवणे हिताचे.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी आजही करता येतील. पहिली, नेमताना कामांची यादी लिहून काढावी व परिचारिका असल्यास तिची नोंदणी पाहावी. दुसरी, प्रत्येक घरात नोंदवही असावी. तिसरी, ठरलेल्या रकमेपैकी बाईच्या हाती किती पडते आणि तिला आठवड्याची सुटी मिळते का, हे घरच्यांनी निःसंकोच विचारावे. नोंदवहीला दहा-वीस रुपये पडतात, आणि विचारायला तर काहीच पडत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबा आहेत, आणि माझ्यासारख्या काहींच्या घरून कोणी दुसऱ्यांच्या आजी-आजोबांकडे जाते. या दोन्ही घरांतील मुले एकाच वर्गात बसतात. हा प्रश्न समजून घ्यायला आपल्याइतकी सोयीची जागा दुसरी कोणती?