जळजळीवर सोडा चालतो, मीठ का नाही?

छातीत जळजळ झाली की अनेकजण खायचा सोडा पाण्यातून घेतात. "मीठ आणि सोडा, दोन्ही सोडियमचेच क्षार. मग मिठाने जळजळ का शमत नाही?" असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. प्रश्न मार्मिक आहे.

आम्ल म्हणजे प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) देणारा पदार्थ. ब्रॉन्स्टेड आणि लौरी यांनी १९२३ मध्ये ही व्याख्या मांडली. प्रोटॉन दिल्यावर जे उरते, ती त्या आम्लाची जोडीदार आम्लारी. आम्ल जितके तीव्र, तितकी ही जोडीदार दुर्बळ. जो सहज देऊन टाकतो, तो परत घ्यायला उत्सुक नसतो!

जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे. त्याची जोडीदार क्लोराइड. मिठात तीच असते, म्हणून मीठ आम्ल शमवत नाही. सोड्यातील बायकार्बोनेट मात्र सौम्य अशा कार्बोनिक आम्लाची जोडीदार. ती प्रोटॉन पकडते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ढेकर येतो.

तरीही सोडा हे रोजचे औषध नव्हे. ५ ग्रॅम सोड्यात सुमारे १.४ ग्रॅम सोडियम असते. प्रौढांनी दिवसभरात एकूण २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडा घेऊ नये. जळजळ वारंवार होत असल्यास तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, दरदरून घाम, हाताला कळ अशी लक्षणे दिसली तर मात्र सोडा शोधत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.