पेढीवरील लिनक्स संगणक : पडदा काळा राहिल्यास व माउस अडल्यास

मांडवीच्या आसपासच्या बाजारात लाल चोपड्यांची जागा संगणकाने केव्हाच घेतली आहे. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यास्तव जुने परंतु धडधाकट यंत्र भंगारात न घालता त्यावर लिनक्स बसवून घेणे हा काटकसरीचा मार्ग होय. तथापि एखाद्या सकाळी पडदा काळाच राहतो, अथवा पडद्यावरील बाण जागचा हलत नाही, आणि जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची वीस तारीख तर उद्यावर आलेली असते. घाईने बोलावलेला कारागीर ‘फॉरमॅट करावे लागेल’ असे म्हणतो आणि मालक मान डोलावतात. ती मान डोलविण्यापूर्वी पुढील माहिती वाचावी.

प्रथम यंत्राची आतील व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. लिनक्स ही १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेली, युनिक्सच्या धर्तीवरील प्रणाली आहे. तीत हिशेब साठविणारा भाग निराळा व चित्रे दाखविणारा भाग निराळा. हे चित्रे दाखविण्याचे काम पुष्कळ वर्षे ‘एक्स’ नावाच्या कार्यक्रमाकडे आहे. त्याचा जन्म १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झाला व त्याची अकरावी आवृत्ती १९८७ साली निघाली. पडदा, कळफलक व माउस हे तिन्ही त्याच्या ताब्यात असतात. इतर कार्यक्रम त्याच्याकडे मागणी करतात व तो ती पुरवितो. पेढीवरील गुमास्ता आजारी पडला म्हणून तिजोरीतील माल नाहीसा होत नाही, तद्वत एक्स बंद पडला म्हणून चकतीवरील वह्या पुसल्या जात नाहीत.

याची खातरजमा सोपी आहे. कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या तीन कळा एकदम दाबाव्यात. काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ओळ आली तर यंत्र जिवंत आहे असे समजावे. नाव व परवलीचा शब्द टंकावा. शब्द टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्याने गोंधळू नये. (या लेखातील आज्ञा देवनागरीत छापल्या असल्या तरी टंकावयाच्या त्या रोमन लिपीतच.) ही ओळ न आल्यास लिनक्सचा ‘लाइव्ह’ पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे. त्यातील ‘इन्स्टॉल’ या शब्दास मात्र हात लावू नये. असे केल्याने चकतीवर काही न लिहिता हिशेबाच्या फायलींची दुसऱ्या पेनड्राइव्हवर नक्कल करता येते. शिवाय तेथे पडदा व माउस नीट चालले, तर दोष यंत्राचा नसून मांडणीचा आहे, हेही कळते. नक्कल हाती आल्यावाचून पुढील कोणताही उपाय आरंभू नये.

पुष्कळदा असे घडते की, परवलीचा शब्द बरोबर असूनही चित्रमय पडदा क्षणभर उघडतो व पुन्हा नाव विचारतो. याचे एक अगदी सामान्य कारण म्हणजे चकती भरणे. बिलांची छायाचित्रे वर्षानुवर्षे साठत गेली की एक्सला स्वतःची लहानशी फाईल लिहिण्यासही जागा उरत नाही. ‘डीएफ’ ही आज्ञा दिल्यास भरलेला भाग शेकड्यात दिसतो. दुसरे कारण असे की, कोणी मुख्य अधिकाराने चित्रमय पडदा सुरू केला असल्यास ‘एक्स-अथॉरिटी’ ही लपलेली फाईल त्याच्या मालकीची होते, आणि मग नेहमीच्या माणसास आत जाता येत नाही. तिची मालकी परत केली की काम भागते.

इतके करूनही उलगडा न झाल्यास एक्सची रोजनिशी पाहावी. ती ‘व्हार’मधील ‘लॉग’ या कप्प्यात, किंवा नव्या मांडणीत वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यात असते. तीत कंसातील दोन ‘ई’ म्हणजे चूक, दोन ‘डब्ल्यू’ म्हणजे इशारा. शेवटची चूक बहुधा ‘पडदा सापडला नाही’ अशी असते व ती फसवी असते. खरे कारण पहिल्या चुकीत शोधावे. चित्रपत्त्याचा चालक जुळत नसल्यास यंत्र सुरू होताना ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून साधा पडदा मिळविता येतो, व मग योग्य चालक बसविता येतो.

पडदा आला परंतु अक्षरे अवाढव्य दिसतात, अशीही तक्रार असते. मॉनिटर आपली मापे तारेतूनच संगणकास कळवितो. मध्ये जुनी जोडतार किंवा दोन यंत्रांना एकच पडदा जोडणारी पेटी असेल तर हा निरोप पोहोचत नाही. तार बदलून पाहावी. आज्ञांच्या मागे नंतर लागावे. पूर्वी ही मापे हाताने ‘एक्सऑर्ग’ फाईलीत लिहावी लागत. आता ती फाईल बहुधा नसतेच. जुन्या पुस्तकातून उतरविलेली फाईल आढळल्यास तिचे नाव बदलून ती बाजूस ठेवावी. पुष्कळ यंत्रे एवढ्यानेच सुधारतात.

आता माउस. गोल बुडाच्या जुन्या जोडणीचा माउस चालू यंत्रात काढघाल करू नये. यंत्र बंद करूनच तो लावावा. चाक असलेला असा माउस प्रत्येक हालचालीचा निरोप चार बाइटांत पाठवितो, चाक नसलेला तीन बाइटांत. वाचणारा तीनच मोजू लागला की पुढील सर्व निरोप सरकतात आणि बाण कोपऱ्याकडे उड्या मारतो. वर सांगितलेल्या पेटीचे बटण दाबल्यावर हे विशेष घडते. यूएसबी माउस घेणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. प्रकाशाचा माउस मुळात खालच्या पृष्ठभागाची छायाचित्रे घेत असतो. सराफाच्या काचेच्या काउंटरवर त्यास टिपण्यासारखे काही सापडत नाही. खाली एक कागद ठेवावा. हा उपाय सांगण्याचे पैसे घेणारे कारागीरही आहेत!

एक गोष्ट राहिली. २००८ साली ‘वेलँड’ ही एक्सच्या जागी येणारी नवी व्यवस्था आरंभिली गेली, व फेडोराने २०१६ मध्ये ती प्रथम पसंतीची केली. तुमच्या यंत्रावर वेलँड असेल तर एक्सच्या फाईलीतील दुरुस्त्यांचा काहीच परिणाम होणार नाही. माउसचा वेग, डाव्या हाताची कळ इत्यादी गोष्टी ‘सेटिंग्ज’मध्येच बदलाव्या लागतील. म्हणून कारागिराने फाईल उघडण्याआधी या दोहोंपैकी कोणती व्यवस्था चालू आहे, हे त्यास विचारावे. त्याच्या उत्तरावरून यंत्र त्याच्या स्वाधीन करावे की नाही, हेही ठरविता येईल.