काढा हेही औषधच

“काही औषधं चालू आहेत का?” या प्रश्नाला मी सिंगापूरच्या डॉक्टरांना दोनदा “नाही” म्हणाले. खोटं बोलायचं मनात नव्हतं. रोज दोन वेळा मातीच्या भांड्यात उकळलेला वाटीभर काढा पीत होते, वर दोन गोळ्या घेत होते. पण त्याला औषध म्हणतात हे सुचलंच नाही. काढा तो काढा आणि औषध ते डॉक्टरांचं, ही वाटणी माहेरापासून डोक्यात बसलेली.

पन्नाशीत पाळी गेली आणि वाफा सुरू झाल्या. छातीतून उसळून मान, कान तापवायच्या. रात्री दोनदा गाऊन बदलावा लागे. मावशीला स्तनाचा कर्करोग झालेला, म्हणून हार्मोनच्या गोळ्यांचं नावही मी काढू देत नव्हते. शेजारच्या चिनी आजी मला चायनाटाऊनमधल्या त्यांच्या वैद्यबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली. बाईच्या शरीराचे टप्पे सात-सात वर्षांचे. साती साती एकोणपन्नासला पाळी थांबते, मूत्रपिंडातलं ‘यिन’ आटतं, उष्णता वर चढते, असं त्यांनी समजावलं. वात-पित्त ऐकत वाढलेल्या मला ते लगेच पटलं. तोवर माझं इतकं शांतपणे कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं, हेही खरं.

त्यांनी दिलेल्या काढ्याच्या पुड्यांमध्ये दांग ग्वेई नावाचं मूळ होतं, आणखी बरंच काही होतं, आणि हो शो वू नावाचं दुसरं मूळ होतं. ते खाऊन हो नावाच्या म्हाताऱ्याचे पांढरे केस काळे झाले, अशी त्याची जुनी कथा. माझे केसही गळत होते. मग केसांसाठी म्हणून दुकानातून गोळ्यांची बाटली मी स्वतःच आणली. वैद्यबाईंना विचारलं नाही. त्या गोळ्या त्याच मुळाच्या होत्या. लेबल चिनी भाषेत, मला वाचता येत नव्हतं.

सहाव्या आठवड्यात भूक मेली. अंगाला खाज सुटली, लघवी कडक चहासारखी झाली, मग डोळे पिवळे. यकृताच्या तपासणीत एसजीपीटी ९०० च्या वर गेलं होतं. एरवी ते चाळीस-पन्नासच्या आत असतं. काविळीच्या सगळ्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, सोनोग्राफीत खडा नाही. शेवटी वॉर्डातल्या चिनी नर्सने विचारलं, “आंटी, घरी काही उकळून पिता का?” या प्रश्नाला मात्र मी लगेच “हो” म्हणाले.

पुड्या, गोळ्या बंद झाल्या. आठ दिवस रुग्णालयात काढले, रक्त पूर्ववत व्हायला तीन महिने लागले.

हो शो वूमुळे यकृताला इजा होते, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामकाने २००६ मध्येच दिला होता. “आजी तर वर्षानुवर्षं पितात, त्यांना कसं काही झालं नाही?” हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं: २०१९ मध्ये चीनमधल्याच संशोधकांनी दाखवलं, की काहींच्या शरीरात जन्मतःच एक विशिष्ट जनुकीय खूण असते आणि त्यांना या मुळाचा धोका कितीतरी जास्त असतो. म्हणून शेजारणीला सोसलं ते आपल्याला सोसेलच, असं धरून चालू नका. दांग ग्वेईचं दुखणं वेगळं: रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर ते घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि एवढं करून गुण किती? १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात ७१ बायकांवर २४ आठवडे दांग ग्वेई तपासलं गेलं. वाफांवर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. सगळंच निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. एर श्येन नावाच्या काढ्याने वाफा कमी झाल्याची एक नीट चाचणी २०१३ मध्ये हाँगकाँगला झाली आहे. पण तोही तुमची प्रकृती आणि चालू औषधं ठाऊक असलेल्या माणसाला विचारूनच घ्यावा.

आपल्याकडेही हीच गत आहे. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं.

वाफांसाठी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हार्मोन नको असतील तर त्यांच्याकडे हार्मोनविरहित औषधंही असतात. मी भीतीपोटी विचारलंच नव्हतं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर कुठलाही काढा न घेता तपासून घ्या. काढा घ्यायचाच असेल तर प्रत्येक मुळाचं नाव वाचता येईल अशा लिपीत लिहून मागा. घेताना लघवी गडद झाली, खाज सुटली, भूक गेली, तर त्याच दिवशी थांबा आणि पुडी, बाटली पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. ते औषधांचं विचारतील तेव्हा स्वयंपाकघरात काय उकळतंय तिथपासून सांगायला लागा.